गौरी जाईपर्यंत नेल आर्ट टिकवायचं कसं

गणपती जवळ आले की आमच्या बायकांच्या फॅमिली ग्रुपवर मखराचे फोटो, कुणाकडे किती मोदक लागणार याचे हिशोब आणि "अगं तुझं नेल आर्ट इतके दिवस राहतं कसं, माझे तर दुसऱ्याच दिवशी टवके उडतात" हे सगळं एकदमच सुरू होतं. मी दरवर्षी तुकड्यातुकड्यात व्हॉइस नोट पाठवते आणि दरवर्षी कुणीतरी म्हणतंच की ऐकायला वेळ नाही, लिहून दे. तर घ्या, लिहूनच देते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

मी काही पार्लरवाली नाही. डोंबिवलीहून लोकलने जायचं यायचं, ऑफिसात दिवसभर कीबोर्ड, घरी आलं की कुकर, कणीक, भांडी, म्हणजे नखांची परीक्षा रोजच असते. आणि मी जे करते ते साध्या नेलपॉलिशवर, जेलबद्दल (दिव्याखाली धरून घट्ट करायचं पॉलिश) खाली थोडं बोलते पण मुख्य गोष्ट साध्याचीच आहे कारण घरी बसून बहुतेक जणी तेच करतात.

टॉप कोट, म्हणजे रंग आणि नक्षीवर सगळ्यात शेवटी द्यायचा पारदर्शक थर, हे नुसतं चमक येण्यासाठी लावायचं पाणी आहे असं खूप जणींना वाटतं, आणि मग घाई असली की तेच पहिलं गाळलं जातं. प्रत्यक्षात नेल आर्टमध्ये सगळा भार त्याच्यावरच असतो. साधं नेलपॉलिश म्हणजे नायट्रोसेल्युलोज, इथाइल अ‍ॅसिटेट आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेटमध्ये विरघळवलेलं, ते द्रावक उडून गेलं की नखावर पातळ फिल्म उरते, बस. रंगाच्या बाटलीत त्यात रंगद्रव्य आणि चमकी घातलेली असते. टॉप कोटमध्ये रंगद्रव्य नसतं आणि त्याची फिल्म जास्त कडक होईल असं मिश्रण असतं, म्हणजे ओरखडे त्याने झेलायचे. बेस कोट म्हणजे रंगाच्या आधी लावायचा थर, त्याचं काम वेगळं, तो नखाला धरून राहणारा आणि थोडा लवचिक असतो. म्हणून एकच बाटली "बेस अँड टॉप" म्हणून मिळते ना, ती मला दोन्हीकडे अर्धवटच वाटते. असो, नसण्यापेक्षा बरी.

आता या सगळ्यावर तुमची नक्षी बसते. स्टॅम्पिंगची (कोरलेल्या प्लेटवरची नक्षी शिक्क्याने नखावर उमटवायची) रेघ केसाएवढी बारीक, टाचणीच्या डोक्याने टेकवलेला ठिपका, किंवा अ‍ॅक्रिलिक रंगाने काढलेलं जास्वंदाचं फूल, जे पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचं आहे. त्या फुलाला स्वतःची ताकद शून्य. वर टॉप कोट नसेल तर पहिल्या हात धुण्यातच ते गेलं.

पण खरा शत्रू घासणं नाही, पाणी आहे. नख पाणी शोषतं आणि किंचित फुगतं, मग सुकलं की परत आकसतं. वरची फिल्म तितकी ताणली जात नाही. दिवसातून कितीतरी वेळा हे झालं की टोकाकडची कड जराशी सुटते, तिथून पाणी आत शिरतं, आणि दुसऱ्या दिवशी जीन्सच्या खिशात हात घातला की टवका निघतो. आपल्याला वाटतं खिशामुळे निघाला. खिसा बिचारा निमित्त!

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं एकच, टोक बंद करायचं. नखाच्या वरच्या बाजूला टॉप कोट लावून झाला की ब्रशवर जे थोडंसं उरलंय ते नखाच्या टोकाच्या जाडीवरून आडवं फिरवायचं, म्हणजे नख समोर धरलं तर जी कड दिसते ना, तिच्यावर. बेस कोटला एकदा, रंगाला एकदा, टॉप कोटला एकदा. नखं अगदी बारीक कापलेली असतील तर बोटाच्या चामडीला लागतं, तेव्हा बोटाची चामडी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खाली दाबून धरायची आणि मग फिरवायचं. हे एक केलं तरी फरक दिसतो, बाकी पुढचं सगळं नाही वाचलंत तरी चालेल.

आणि बाजूला, क्युटिकलकडे, म्हणजे नखाच्या बुडाशी चामडीची कड असते तिथे, उलटं. तिथे चामडीला पॉलिश लागू द्यायचं नाही, केसभर जागा सोडायची. चामडीवर चढलेलं पॉलिश चामडीबरोबर सुटतं आणि सुटताना नखावरचंही ओढून घेतं, मग अख्खा पापुद्राच निघतो. लागलंच तर ओलं असतानाच टूथपिकला कापूस गुंडाळून रिमूव्हरमध्ये बुडवून पुसून टाका.

वेळ कुठली निवडता हेही बघा. बहुतेक घरांत काय होतं, हरतालिकेच्या रात्री सगळी आवराआवर झाली, भांडी घासली, की अकरा वाजता बाई नखं रंगवायला बसते. नख तेव्हाच सगळ्यात जास्त पाणी पिऊन फुगलेलं असतं! त्यावर लावलं की रात्रीत नख आकसणार आणि फिल्म सैल बसणार. आंघोळ किंवा भांडी झाल्यावर निदान तासभर तरी जाऊ द्या. लावायच्या आधी प्रत्येक नख रिमूव्हरच्या कापसाने पुसायचं, पॉलिश नसलं तरी, कारण तेल आणि क्रीमचा थर राहिला की बेस कोट नखाला न चिकटता त्या तेलाला चिकटतो. खोबरेल तेल नखांना चांगलंच, पण ते सगळं लावून वाळल्यावर.

मी हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी लावते. कारण नेलपॉलिश हाताला कोरडं लागतं दहा-पंधरा मिनिटांत, पण आतून कडक व्हायला कितीतरी तास जातात, दिवसभर म्हटलं तरी चालेल. दुधावर साय धरते आणि खाली दूध दूधच असतं, तसंच. रात्री लावून झोपलं की सकाळी चादरीचा ठसा उमटतो तो याचमुळे. आणि चतुर्थीला सकाळी उकड मळायची असते, ती गरम, पाण्याचा आणि तेलाचा हात घेऊन मळायची, म्हणजे अर्धवट कडक झालेल्या नेलपॉलिशसाठी यापेक्षा वाईट काय असणार. मध्ये एक पूर्ण दिवस मिळाला की ते तयार झालेलं असतं. बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवायचा जो उपाय सगळीकडे फिरतो ना, त्याने वरचा थर थंड होऊन घट्ट लागतो इतकंच, आतलं द्रावक काही निघून जात नाही.

हरतालिकेला मेंदी काढणाऱ्यांसाठी एक जोडून सांगते. मेंदी नखावर चढली की नख केशरी होतं आणि ते वाढून कापलं जाईपर्यंत जात नाही, म्हणूनच लग्नात मेंदीवाल्या आधी नखांना पारदर्शक पॉलिश लावून घ्यायला सांगतात. नेल आर्ट आधीच करून ठेवलं असेल तर ते काम टॉप कोट करतो, फक्त नखावर पडलेली ओली मेंदी लगेच पुसायची आणि दुसऱ्या दिवशी एक पातळ थर वरून द्यायचा. उलट क्रमाने गेलात, म्हणजे मेंदी रंगल्यावर रिमूव्हर घेऊन बसलात, तर बोटांची टोकं कोरडी पडतात आणि तिथली मेंदी फिकी दिसते.

आता सगळ्यांची तक्रार असते ती: टॉप कोट लावला की नक्षी फिसकटते. पांढऱ्यावर काळ्या रेघा काढल्या, टॉप कोट फिरवला आणि सगळं करडं झालं. हे होणारच, कारण टॉप कोटमध्ये तेच द्रावक आहे ज्यात तुमची नक्षी विरघळते. ब्रश कोरडा असेल आणि दाबून फिरवला तर तो रंग ओढत नेतो. म्हणून ब्रशवर भरपूर टॉप कोट घ्यायचा, मोठा थेंब नखाच्या मध्यावर टेकवायचा आणि ब्रशचे केस नखाला न टेकवता तो थेंबच पुढे सरकवायचा, दोन-तीन फटकाऱ्यांत संपवायचं. परत परत त्याच जागी जायचं नाही. एवढं करूनही स्टॅम्पिंगचं काळं आणि लाल त्रास देतंच, त्यासाठी पाण्यावर आधारित टॉप कोट मिळतो, तो आधी एक थर द्यायचा, तो वाळला की मग नेहमीचा. पाण्याच्या थरात नेलपॉलिश विरघळत नाही त्यामुळे रेघ जागची हलत नाही. पण एकटा पाण्याचा थर टिकाऊ नसतो हं, तो फक्त मधला पडदा आहे. आणि अ‍ॅक्रिलिक रंगाची नक्षी असेल तर बरोबर उलटं, त्यावर नेहमीचा टॉप कोट चांगला बसतो, पाणीवाला घातलात तर अर्धवट वाळलेला रंग परत ओला होऊ शकतो, त्यामुळे रंग पूर्ण वाळलेला हवा.

क्विक ड्राय टॉप कोट मला आवडतात, पण त्यांचा स्वभाव कळला पाहिजे. ते ओल्या रंगात खाली झिरपून सगळे थर एकत्र वाळवतात, म्हणून काहींच्या बाटलीवर लिहिलेलंच असतं की रंग पूर्ण वाळायच्या आत लावा. वाळताना ते आकसतात आणि टोकाकडून रंग मागे ओढून घेतात, मग लावल्या लावल्याच टोकाला पांढरी रेघ दिसायला लागते, जणू आठवडा झालाय. उपाय परत तोच, टोक बंद करा. नक्षी असेल तेव्हा मी खालचा रंग चांगला वाळू देते, नक्षी काढते, ती वाळली की क्विक ड्रायचा एकच जाडसर थर देते. चार थर एकावर एक थापले की जास्त टिकतं हा गैरसमज आहे. जाड फिल्म आतून मऊ राहते आणि पहिल्या धक्क्याला अख्खीच उचलली जाते.

चमकी म्हणजे ग्लिटर मात्र याला अपवाद. ग्लिटर टॉप कोट पिऊन टाकतं, वाळल्यावर हाताला खरखरीत लागतं आणि प्रत्येक खरखरीत कण म्हणजे ओढणीत अडकायला एक आकडा. त्यावर दोन थर लागतातच, मध्ये नीट वेळ देऊन. खडे लावले असतील तर खड्याच्या तोंडावर टॉप कोट घालू नका, चमक मरते, बारीक ब्रशने फक्त त्याच्या बुडाभोवती फिरवा. आणि खरं सांगू, मोदक करणाऱ्या बाईने खडे लावूच नयेत. पाहुण्याच्या मोदकात तुमचा खडा सापडला तर पुढची दहा वर्षं तीच गोष्ट सांगितली जाईल.

मॅट टॉप कोटचं फॅड आहे, दिसतो पण छान, विशेषतः गडद मरून किंवा बाटलीहिरव्यावर, पैठणीबरोबर तर विचारूच नका. त्यात बारीक सिलिका असते, ती पृष्ठभाग खडबडीत करते म्हणून चमक येत नाही, आणि त्याच खडबडीत जागेत तेल, मसाला, हळद जाऊन बसते. तळणीचा दिवस झाला की मॅट नखं तेलकट डागांची दिसतात. मी आधी चकचकीत टॉप कोट देते, तो वाळला की वरून मॅट. टिकण्याचं काम खालचा करतो.

हळदीबद्दल तर वेगळा लेख होईल. पांढरी किंवा फिकी गुलाबी नखं आणि गौरीचा स्वयंपाक, ही जोडी जमतच नाही. सोळा भाज्या, पुरणाची कटाची आमटी, सगळ्यात हळद, आणि वर हळदीकुंकू. टॉप कोट पारदर्शक असला तरी त्यावर पिवळी छटा येतेच, जेलवर सुद्धा येते. लगेच धुतलं तर बरंचसं निघतं, सॅनिटायझरच्या कापसाने हलकं पुसलं तर अजून थोडं (घासत बसू नका, त्याने चमक जाते). हळदीचा रंग उन्हात उडतो हे आपल्या आज्यांना माहीत होतं, कपड्यावरचा डाग उन्हात टाकायच्या त्या, तेच इथेही चालतं, गॅलरीत ऊन असेल तर हात धरून बसा. पण भाद्रपदात ऊन मिळेल याची खात्री कोण देणार? त्यापेक्षा गौरीसाठी रंगच गडद निवडा. मी पांढरं नखाच्या टोकावर तर कधीच घेत नाही.

आणि पावसाळी दमट हवेचं पण आहे. हवेत ओल जास्त असली की वाळताना नेलपॉलिशवर कधी कधी पांढुरकी धुरकट छटा येते, द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते म्हणून. थर पातळ ठेवले की कमी होतं. पंखा फुल स्पीडवर खाली हात धरून बसायची आपली सवय आहे, त्याने वरचा थर पटकन धरतो, आतलं द्रावक बाहेर यायला बघतं आणि बुडबुडे दिसतात. पंखा एक-दोनवर ठेवा. बाटली कॉकटेलसारखी हलवू नका, दोन तळहातांत धरून फिरवा, बुडबुड्याचं अर्धं कारण तिथेच असतं.

नक्षी कुठे काढायची हेही टिकण्यातच येतं, याचा विचार फार कमी जणी करतात. टोकाला बारीक काम केलंत की पहिला टवका त्यालाच घेऊन जाणार. नख महिन्याला साधारण 3 मिलीमीटर वाढतं, म्हणजे अनंत चतुर्दशीपर्यंत क्युटिकलकडे जवळजवळ एक मिलीमीटर कोरी पट्टी दिसणार. म्हणून हळदीत हात घालायचे नसतील तर खालचा रंग नखासारखाच फिका किंवा पारदर्शक आणि नक्षी मधोमध, अशी रचना सगळ्यात जास्त दिवस बरी दिसते. टोकाचा टवका उडाला तरी ग्लिटरची आडवी पट्टी मारून झाकता येतो, ही आपली सोय.

आता लावून झाल्यावरचं. दर दोन-तीन दिवसांनी रात्री, सगळी कामं संपून हात कोरडे झाल्यावर, नखं साध्या ओल्या कापडाने पुसून वाळवून एक पातळ टॉप कोट, आणि हो, टोकासकट. पाच मिनिटांचं काम आहे. झिजतो तो वरचा थर, तो तुम्ही भरत राहिलात की खालची नक्षी तशीच राहते. गौरी येणार त्याच्या आदल्या रात्री तर नक्कीच.

भांड्यांना रबरी हातमोजे घाला. आमच्याकडे सुरुवातीला आईंनी (सासूबाई) बघून "ऑपरेशन करायला चाललीस का" विचारलं होतं, आता त्याच त्यांच्या हाताच्या भेगांसाठी घालतात, पण ते सोडा. मोजे नकोत तर निदान नखं गरम साबणाच्या पाण्यात मुरवत ठेवू नका. आणि नखाने करायची कामं बंद! डेकोरेशनच्या दिवसांत सेलोटेपचं टोक नखाने शोधणं, थर्माकोलवरचं स्टिकर खरवडणं, डब्याचं झाकण उचकटणं, लसूण सोलणं, यात जितकी नखं जातात तितकी आठवडाभराच्या भांड्यांत जात नाहीत. कात्री घ्या, चमचा घ्या. नारळ खवताना वाटी तळहाताने फिरवा, बोटं आत वळवून.

जेलचं थोडक्यात. ते हवेने वाळत नाही, दिव्याच्या किरणांनी त्यातले अ‍ॅक्रिलेट जोडले जाऊन घट्ट होतं, म्हणून ते टिकतं आणि म्हणून काढायला जीव जातो. दिव्याखालून काढल्यावर वर चिकट लागतं ते कच्चं राहिलंय असं नाही, हवेतल्या ऑक्सिजनमुळे अगदी वरचा थर जोडला जात नाही, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. "नो वाइप" टॉप कोटला ते लागत नाही. साध्या नेलपॉलिशवर जेलचा टॉप कोट घालून दिव्याखाली ठेवायचा प्रयोग करू नका, खालचं अजून आतून ओलं असतं, सुरकुत्या येतात किंवा टोपीसारखं अख्खं निघून येतं. "जेल इफेक्ट" लिहिलेली बाटली वेगळी, तिला दिवा लागत नाही, ते आपलं जाडसर चकचकीत पॉलिशच. आणि जेल चामडीला लागू देऊ नका, कच्चं जेल परत परत चामडीला लागलं तर अ‍ॅलर्जी होते, ती झाली की आयुष्यभर पाठ सोडत नाही. युरोपियन युनियनने तर टीपीओ हा जेलमधला एक घटक 1 सप्टेंबर 2025 पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदच केलाय, त्यामुळे आता बऱ्याच बाटल्यांवर "टीपीओ फ्री" लिहिलेलं दिसतं. क्रॉफर्ड मार्केटमध्ये बिननावाच्या बाटल्या स्वस्तात मिळतात, स्टॅम्पिंग प्लेट आणि ठिपके काढायचं डॉटिंग टूल तिथून बिनधास्त घ्या, जेल मात्र घटक छापलेलंच घ्या.

टॉप कोटची बाटली अर्ध्यावर आली की घट्ट होते, तार सुटायला लागते, आणि तसाच घट्ट थर लावला की वाळतच नाही. त्यात रिमूव्हर ओतायचा मोह आवरा, फिल्मची वाट लागते. नेलपॉलिशचं थिनर मिळतं, दोन-तीन थेंब पुरे. दर वेळी बाटलीची मान रिमूव्हरच्या कापसाने पुसून झाकण लावलं तर घट्ट होण्याचं प्रमाण कमी होतं, कारण मानेवर साचलेल्या पॉलिशमुळे झाकण पूर्ण बसत नाही आणि द्रावक उडत राहतं.

गौरी गेल्या, विसर्जन झालं, की काढताना नखाने पापुद्रे सोलू नका, टीव्ही बघता बघता हा चाळा होतोच, पण त्याबरोबर नखाचाही वरचा थर निघतो आणि मग पुढच्या वेळी कितीही चांगला टॉप कोट लावा, खालचं नखच खडबडीत असल्यावर तो धरणार कशाला. ग्लिटर असेल तर कापूस रिमूव्हरमध्ये भिजवून नखावर ठेवा, वरून फॉइल गुंडाळा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि दाबून ओढा. "नखांना श्वास घेऊ दे" म्हणून महिनाभर काही न लावायची गरज नाही, नखाला जे हवं ते रक्तातूनच मिळतं, पण रिमूव्हरने ती कोरडी पडलेली असतात तेव्हा चार दिवस रात्री खोबरेल तेल चोळा. नवरात्रीचे नऊ रंग लगेच येतातच आहेत, रोज रंग बदलायचा असेल तर तेव्हा टिकवायची भानगडच नाही, टॉप कोटऐवजी रिमूव्हर जास्त आणून ठेवा.